मळमळतंय? मग सांग ना!

"पोरीला बरं नाही का?"

शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलेला प्रश्न तसा साधाच. पण ‘बरं नाही का’ या तीन शब्दांत काय काय कोंबता येतं, हे गावात चार दिवस राहिल्याशिवाय कळत नाही, बॉस! पोरगी सत्तावीस वर्षांची. पुण्याला हिंजवडीत नोकरी. लग्न अजून व्हायचंय. आणि सकाळी साडेसहाला मोरीतून ओकारीचा आवाज. मावशीने "पित्त झालंय हो" असं हसून सांगितलं, आत आली आणि लेकीला दबक्या आवाजात म्हणाली, "नळ सोडून ओकत जा गं. आवाज बाहेर जातो."

मी चहाचा कप हातात घेऊन बसले होते. तो तसाच थंड झाला.

तर, स्थळ कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. महिना मार्च, साल २०२४. मी गेले होते हळदीवर फीचर करायला. वसमतच्या हळदीला त्याच वर्षी जीआय मानांकन मिळालं. हळदीचा सीझन म्हणजे या भागात दिवाळीच. शेतात काढणी चाललेली, कुकरमध्ये हळद शिजतेय, अंगणात, शेतात, जागा मिळेल तिथे पिवळे ढीग वाळत पडलेत. आणि वास! मातीचा, वाफेचा, कडवट, गरम वास, सगळ्या गावभर. मला तो सॉलिड आवडला. माझी मावसबहीण मात्र तोंडावर ओढणी दाबून खोलीत बसून होती, लॅपटॉप मांडीवर, खिडक्या बंद. हळदीच्या गावची पोर आणि हळदीच्या वासाने हैराण! (तिचं नाव लिहायचं नाही, ही तिची पहिली अट. दुसरी अट, ‘बिचारी’ हा शब्द वापरायचा नाही. मान्य.)

तिला क्रोन्स डिसीज आहे. म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, आतून सूज येते, जखमा होतात, कमी होतात, पुन्हा होतात. आयुष्यभराचा पाहुणा. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन या डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर १९३२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून हे नाव. पण आपल्याकडे या पाहुण्याचा एक जुळा भाऊ आहे, पोटाचा टीबी. दोघं लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला मुक्काम ठोकतात, दोघांत वजन उतरतं, ताप येतो, दुर्बिणीतून बघितलं तरी दोघं सारखेच दिसू शकतात. बायोप्सीतून स्पष्ट उत्तर आलं नाही तर कित्येकदा आधी टीबीची औषधं, म्हणजे एकेटी, सुरू करून बघतात.

तिचं तेच झालं. २०२२ च्या होळीच्या आसपास एकेटी सुरू. पहिल्या आठवड्यापासून मळमळ. जुलैमध्ये कुरुंद्यात पूर आला, आसना नदीचं पाणी घराघरांत शिरलं, त्यात तिची फाइल भिजून लगदा झाली. रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन, सगळं. पुढच्या डॉक्टरांना काय सांगायचं, कुठली गोळी कधी सुरू झाली, सगळं आठवणीवर. (तुमच्या रिपोर्टचे फोटो मोबाइलमध्ये आहेत ना? नसतील तर हा लेख जरा बाजूला ठेवा आणि काढून या. मी थांबते.) सहा महिन्यांचा कोर्स संपला, जखमा भरल्या नव्हत्या. मग निदान बदललं, औषधं बदलली. मळमळ तेवढी बदलली नाही.

गंमत बघा. पोटदुखीला आपल्याकडे इज्जत आहे. "पोटात कळ आली" म्हटलं की बॉससुद्धा रजा देतो. मळमळीला नाही. तिचा एक्स-रे निघत नाही, थर्मामीटरवर आकडा येत नाही, रक्तात सापडत नाही. "मळमळतंय" म्हटलं की लोक एक तर हसतात, नाही तर पोटाकडे बघतात. बाईमाणूस असेल तर विचारूच नका. लग्न झालेलं असेल तर पेढे कधी, आणि झालेलं नसेल तर नळ सोड.

त्यामुळे झालं काय, की ही मुलगी मळमळ लपवायला शिकली. आईपासून, ऑफिसपासून, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डॉक्टरांपासून! ओपीडीत प्रश्न ठरलेले. दुखतं का? संडासला किती वेळा? रक्त? वजन? उत्तरं द्यायची, उठायचं. मळमळीबद्दल कुणी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही. "एवढं तेवढं चालायचंच ना गं," असं ती मला म्हणाली. या एवढ्या तेवढ्यापायी ती दिवसाला दीड पोळीवर आली होती.

घरात उपाय चालू होतेच. हळदीच्या गावात आणखी काय असणार? हळद-दूध! रात्री एक पेला, सकाळी एक पेला. हिला दूधच पचत नाही. लहान आतड्याला सूज असेल तर दुधातली साखर पचवण्याची ताकद अनेकांची कमी होते. प्यायली की अर्ध्या तासात मोरी. मावशीचा हळदीवरचा विश्वास अढळ, पोरीचा आईवरचा, म्हणून ती पुन्हा प्यायची. शेवटी मीच शहाणपणा केला. लॅपटॉप उघडून मावशीला सांगितलं, की २०२३ मध्ये थायलंडमध्ये अपचनाच्या २०६ पेशंटांवर प्रयोग झाला, त्यात हळदीतलं कर्क्युमिन ॲसिडिटीच्या नेहमीच्या गोळीइतकंच उपयोगी दिसलं. मावशीचा चेहरा खुलला. मग पुढचं सांगितलं, की ते साधं अपचन होतं, क्रोन्स नव्हे. ते मोजून दिलेल्या कॅप्सूलमधून होतं, पेल्यातून नव्हे. आणि हळदीच्या जास्त डोसाने स्वतःलाच मळमळ होते, जोरकस सप्लिमेंट्सनी लिव्हर बिघडल्याच्या केसेसही नोंदल्या गेल्यात. चेहरा पुन्हा पडला. भाजीतली चिमूटभर हळद चालू राहिली, पेला बंद झाला. हे माझं त्या ट्रिपमधलं एकमेव कर्तृत्व.

खरं काम केलं आजीने. म्हणजे मावशीच्या सासूबाईंनी. वय ऐंशीच्या पुढे, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, डोळ्याला मोतीबिंदू. संध्याकाळी अंगणात बसल्या बसल्या नातीला म्हणाल्या, "काहून जेवायली नाहीस, माय? मळमळायलंय, का ढवळायलंय, का शिसारी यायलीय?"

आम्ही दोघी बघतच राहिलो. मी मास कम्युनिकेशन केलंय, शब्दांवर पोट भरते, पण मला हे तिन्ही एकच वाटत होते. इंग्रजीत नॉशिया म्हटलं की खेळ खलास. आजीच्या लेखी ही तीन वेगवेगळी दुखणी होती. मळमळ म्हणजे तोंडाला पाणी सुटतं, छातीशी काहीतरी वर-खाली होतं, बसवत नाही. शिसारी म्हणजे वास आला, नुसतं नाव काढलं, तरी अंगावर काटा आणि तोंड फिरवणं. आणि ढवळणं म्हणजे खाल्लेलं खाली जात नाही, पोट तट्ट, आत घुसळल्यासारखं.

त्या रात्री आम्ही एक वही घेतली. शाळेची, चौकटींची. तीन रकाने, आजीचे तीन शब्द. कधी झालं, आधी काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, किती वेळ टिकलं. डॉक्टरी भाषेत याला सिम्प्टम डायरी म्हणतात आणि त्याची ॲप्स मिळतात. आमची वही पाच रुपयांनी स्वस्त असेल कदाचित, पण चालली मस्त.

दहा दिवसांनी वही बघून डोकंच गरगरलं. मळमळीच्या रकान्यात सगळ्या नोंदी सकाळी आठ ते दहा. आणि साडेसातला ती उपाशीपोटी दोन गोळ्या घ्यायची. एक ॲझाथायोप्रिन, जिचा डोस जानेवारीत वाढवला होता, आणि एक लोहाची. दोन्हींनी मळमळ होऊ शकते, हे डॉक्टरांना पाठ असतं. पण पेशंट ‘ठीक आहे’ म्हणाला तर ते तरी काय करणार? शिसारीच्या रकान्यात हळद शिजवण्याचा वास, फोडणीचा वास आणि पुरणपोळी. ढवळण्याच्या नोंदी कमी होत्या, पण जेवणानंतर तास-दोन तासांनी, पोट फुगून, कळ येऊन. आणि बहुतेक वेळा ताटात हरभऱ्याची भाजी किंवा कच्ची काकडी.

पुरणपोळीचं ऐका, ही गोष्ट मला फार आवडते. लहानपणी ही मुलगी होळीला पाच-पाच पोळ्या खायची. २०२२ ला एकेटीच्या पहिल्या आठवड्यात होळी आली, पोळी खाल्ली, उलटी झाली. त्यानंतर दोन वर्षं पुरण शिजलं की ही मागच्या दाराने पसार. पोळीचा काही दोष नाही, गोळीचा होता. पण मेंदूला ते कोण सांगणार? अमेरिकेत जॉन गार्सिया नावाच्या शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये उंदरांवर हेच दाखवलं. गोड पाणी पाजलं आणि त्याच वेळी किरणोत्साराने त्यांना आजारी पाडलं. उंदरांनी पुढे गोड पाण्याला तोंड लावायचं टाळलं. विष ओळखायची ही शरीराची जुनी युक्ती. तेव्हा ज्या दिवशी मळमळतंय त्या दिवशी आवडीचा पदार्थ खाऊ नका. "निदान आवडीचं तरी खा," असा आग्रह आयांनी करू नये. नावडतं खा! दुधी खा!

वही घेऊन तिने पुण्याच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल केला. या वेळी "ठीक आहे" नाही. तीन रकाने वाचून दाखवले, शब्द आजीचेच. डॉक्टरांनी आधी वरच्या पोटात सतत दुखतं का ते विचारलं आणि रक्ताची तपासणी सांगितली. ॲझाथायोप्रिनने काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि तिची सुरुवात मळमळ-उलटीनेच होते. सुदैवाने तसं नव्हतं. मग ती गोळी सकाळवरून रात्री, जेवणानंतर गेली. लोहाची गोळी बंद, त्याऐवजी शिरेतून लोह. आणि ढवळण्यासाठी आतड्याचा एमआरआय. त्यात एका जागी आतडं थोडं अरुंद झालेलं सापडलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. तेव्हापासून साली, बिया, कच्ची काकडी बंद. मऊ भात, वरणाचं पाणी, सोललेल्या मुगाची खिचडी. आता तीन जेवणांऐवजी सहा छोटी.

सकाळची मळमळ आठवड्याभरात निम्म्यावर आली. जादू वगैरे नाही. निम्म्यावर.

उरलेल्या निम्म्यासाठी मग जुगाड. आलेपाक पहिला. आलं आणि हळद सख्ख्या चुलत बहिणी, एकाच कुळातल्या, वेलदोडासुद्धा त्यांच्याच घरचा. हळदीने दगा दिला तिथे आल्याने हात दिला. २०१२ मध्ये अमेरिकेत किमोथेरपी घेणाऱ्या ५७६ पेशंटांचा अभ्यास झाला. नेहमीच्या औषधाच्या जोडीला दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम आल्याची पूड घेणाऱ्यांची मळमळ कमी झाली. त्याहून जास्त घेऊन जास्त फायदा दिसला नाही, तेव्हा वाटी भरून खाऊ नका. छातीत जळजळणाऱ्यांनी तर जपूनच. दुसरं, साळीच्या लाह्यांचं पाणी, चिमूटभर मीठ-साखर घालून, घोट घोट. आजीचं फेव्हरिट. तिसरं, जेवण गार करून खायचं. गरम अन्नाचा वास उठतो, गार अन्नाचा उठत नाही, इतकं सिंपल. गार खिचडीला मावशीचा सक्त विरोध होता, पण लेकीने एक वाटी संपवली हे बघून ती गप्प बसली.

चौथा उपाय ऐकून तुम्ही हसाल. इंजेक्शनच्या आधी दंडाला पुसतात ती पाकिटातली अल्कोहोलची चौकोनी पट्टी असते ना, आयसोप्रोपिलची, ती नाकाजवळ धरून हळूहळू श्वास घ्यायचा. २०१६ मध्ये टेक्सासमध्ये इमर्जन्सी वॉर्डातल्या ८० पेशंटांवर हा प्रयोग झाला. दहा मिनिटांत पट्टीवाल्यांची मळमळ साध्या सलाइनची पट्टी हुंगणाऱ्यांच्या निम्मी होती. टिकते थोडाच वेळ. पण लोकलमध्ये, मीटिंगमध्ये, पीएमटीत, तो थोडा वेळच तर हवा असतो. ही पट्टी आता तिच्या पर्समध्ये लिपस्टिकच्या शेजारी असते. मनगटावरचा तो पॉइंटही आहे, तळहाताच्या बाजूने, घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधोमध. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर त्याचा भरपूर अभ्यास झालाय आणि फायदा दिसलाय. हिला काही फरक पडला नाही. मला एसटीत पडतो. असो.

आता जरा सीरियस. मेडिकलवाल्याकडून आपण सगळेच ती ॲसिडिटीची ‘डी’वाली कॅप्सूल आणतो. तो ‘डी’ म्हणजे डोमपेरिडोन, मळमळीचं औषध. ते बिस्किटांसारखं महिनोन् महिने खायचं नसतं. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्येच सांगितलं, की साधारण आठवड्याच्या वर नको. आतडं अरुंद असेल तर हे औषध आणखीनच धोक्याचं, कारण ते पोट पुढे ढकलतं आणि पुढे तर रस्ताच बंद! ऑन्डान्सेट्रॉन वेगळ्या रीतीने काम करतं, पण त्याने बद्धकोष्ठ होतो. माझी बहीण ‘डी’वाली कॅप्सूल चार महिने घेत होती. कुणालाही न विचारता. त्याच अरुंद आतड्यावर.

आणि मळमळीबरोबर पोट फुगून दगडासारखं झालं, गॅसही सरेना, हिरवट किंवा रक्ताची उलटी झाली, डोळे पिवळे दिसले, लघवी दिवसभर झाली नाही, तर वही, आलेपाक, पट्टी सगळं फेकून द्यायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. कुरुंद्याहून तर रात्री निघायचं म्हणजे गाडीची सोय आधी. म्हणून मावशीने आता एका जीपवाल्याचा नंबर भिंतीवर कॅलेंडरशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही टोकाईच्या डोंगराकडे फिरायला गेलो. ती मधेच थांबली, रस्त्याकडेला बसली, पट्टी काढून हुंगली. समोरून त्याच शेजारच्या काकू येत होत्या.

"काय झालं गं, बरं नाही का?"

"मळमळतंय, काकू," ती म्हणाली. "आतड्याचा आजार आहे मला. औषधाने होतं तसं."

काकू दोन सेकंद उभ्या राहिल्या. मग तिच्या शेजारी धुळीत बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या सुनेला पण होतं तसं, वर्षभर झालं. तिला दाखवायचं कुठं?"

बहिणीने पर्समधून एक पट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि डॉक्टरांचा नंबर शोधायला लागली.

आता ती पुन्हा हिंजवडीत आहे. मॅनेजरला तिने एक ईमेल टाकला, चार ओळींचा. त्यात क्रोन्सचं नाव होतं आणि मळमळीचंही. सकाळची नऊची मीटिंग साडेदहाला गेली. जेवणाचा डबा मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही, तसाच खायचा, यावरून कँटीनमध्ये तिची यथेच्छ चेष्टा होते. पुरणपोळीला अजून हात लावत नाही, पण यंदा पुरण शिजताना ती घरातच होती म्हणे, दाराशी का होईना. आणि रोज रात्री नऊला कुरुंद्याहून फोन येतो. आजीला बाकी काही ऐकायचं नसतं. ऑफिस नाही, पाऊसपाणी नाही, स्थळं तर नाहीच नाही.

"आज कोणतं, माय?" एवढंच विचारते.